मागच्या चाकातलं सील

गोरेगाव, ता. सेनगाव
४ जानेवारी २०२६

प्रेमानंद भाऊजींना वहिनीचा जय भीम. चंदाबाईंना नमस्कार, सुमेधला आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी फार आहे आणि माझा उजवा गुडघा दुखतो, पण तो दरवर्षीच दुखतो. शेजारच्या चंपतरावांची हळद यंदा चांगली आली आहे. दोन महिन्यांत शिजवायला काढतील, मग गावभर तो वास सुटेल. मला तो वास आता सहन होत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तुमच्या दुकानातली गिऱ्हाइकं मधे बोलतात. तुम्ही "हो वहिनी, हो वहिनी" म्हणता आणि मग काय ठरलं ते दोघांनाही आठवत नाही. कागदावरचं राहतं. ही सवय मला तुमच्या दादामुळे लागली.

तुम्ही नांदेडहून एसटीनं पाठवलेला रबराचा खोका मिळाला. जीपवाल्या धर्मसिंगनं तो हिंगोलीच्या डेपोतून जीपमध्ये टाकून आणला आणि दारात ठेवत म्हणाला, "मावशी, एवढा हलका खोका, आत काय हाय, पापड?" मी म्हटलं, स्कूटरची चामडी आहे.

अंगणात जुनं लुगडं अंथरून सगळं मांडलं. हँडलच्या मुठी, किकचं रबर, ब्रेकच्या पायपट्टीचं रबर, पाय ठेवायच्या जागेवरच्या लांब पट्ट्या, पेट्रोलची नळी, स्टँडचे दोन बूट, दिव्याची रिंग, इंजिनाचे बुश. प्रत्येकाला नाव लिहून चिठ्ठी बांधली. गावातला म्हातारा मिस्त्री उत्तमसिंग बाजेवर बसून सांगतो आणि मी करते. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि हात थरथरतो. "भाभी, हात तुमचे, अक्कल माझी. दोघं मिळून एक मिस्त्री," असं म्हणतो. गावातल्या बायका कुंपणावरून बघून जातात. एक म्हणाली, "ह्या वयात गॅरेज टाकून राहिली का पंचफुला?" मी म्हटलं, व्हय, तुझी कंबर पण आण, बुश बदलून देते.

सुमेधचा हट्ट मला आवडला, हे मनापासून लिहिते. लहानपणी तो दादाच्या पुढे उभा राहून आरसा धरायचा. आता लग्नाला मोठ्या बाबांच्या त्याच गाडीवर बसून मंडपात यायचं म्हणतो. पोरानं इतक्या वर्षांनी दादाचं नाव काढलं. बाकी कोणी काढत नाही.

बारा वर्षं उभी असलेली गाडी बाहेरून बरी दिसते. हात लावला की कळतं. पेट्रोलची नळी वाकवली तर कुरडईसारखी मोडली. पायपट्ट्या डांबरासारख्या चिकटल्या होत्या, खरवडून काढल्या. नवीन पट्टी थंडीनं ताठ असते, म्हणून आधी गरम पाण्यात टाकायची, मग पन्हाळीत साबणाचं पाणी सोडून एका टोकानं ओढायची. पहिली पट्टी ओढताना मी मागं पडले. उत्तमसिंग इतका हसला की त्याला ठसका लागला.

हँडलच्या जुन्या मुठी ब्लेडनं कापाव्या लागल्या. उजव्या मुठीवर दादाच्या अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. मी ती दोन दिवस उशाशी ठेवली. मग उत्तमसिंगला सांगितलं, तर तो म्हणाला, "फेका भाभी. कडक रबर हातातून सुटतं." फेकली.

आता कामाचं. खोक्यात सगळं आहे, फक्त मागच्या चाकाचं सील, ती तेल अडवणारी रबराची कडी, नाही. तुमचं तर पार्टचंच दुकान आहे, गडबडीत राहिलं असेल. उत्तमसिंग म्हणतो, रबर बदलायचं तर जे दिसत नाही ते आधी बदलायचं. ते सील गेलं की गिअरचं तेल ब्रेकवर उतरतं आणि मग ब्रेक दाबा नाहीतर देवाला हात जोडा, सारखंच. तेवढं सील पाठवून द्या.

आपली लेक प्रतिक्षा संक्रांतीला दोन दिवस येते म्हणाली आहे. लातूरला तिच्या दवाखान्यात रजा मिळाली तर.

तुमची वहिनी,
पंचफुला


गोरेगाव
१८ जानेवारी २०२६

प्रेमानंद भाऊजींना जय भीम.

तुमचा फोन आला त्याला आठ दिवस झाले. तुम्ही जे बोललात ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, ते इथे उतरवते. चुकलं असेल तर सांगा.

"वहिनी, मागचं चाक उघडू नका. ते सील मीच टाकलं होतं तेव्हा, नवं कोरं. गाडी काय चालवायची न्हाई, टेम्पोत टाकून आणायची, मंडपापुढं शंभर पावलं. वरवरचं बदला, पालिश मारा, झालं."

बरोबर?

मी विचार करते आहे. ज्या माणसाचं रबराच्या पार्टचं दुकान आहे, त्याला बारा वर्षांचं सील बदलावंसं वाटत नाही. माझ्या चपलेचा अंगठा बारा वर्षं टिकत नाही. आणि त्या शंभर पावलांत तुमचा मुलगा गाडीवर असणार आहे.

बरं, ते असू द्या. प्रतिक्षा येऊन गेली.

ती कशी येते तुम्हाला माहीत आहे. एसटीतून उतरून चालत येते, कोणाच्या गाडीवर बसत नाही. दवाखान्यात सगळ्या नर्सा स्कूटीवर येतात, ही अडीच किलोमीटर पायी. घरात आली की दाराजवळच्या खुर्चीवर बसते, पाहुण्यासारखी. या वेळी अंगणात गाडी उघडी उभी होती. ती फाटकातच थांबली. उत्तमसिंगला कमी दिसतं, त्यानं विचारलं, "कोन हाय?" ती म्हणाली, "मीच. गाडी मोडणारी."

असं ती हसत बोलते.

भाऊजी, दरवर्षी सहा मार्चला दादाच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही येता. वंदना झाली की सगळे पाहुणे बसलेले असताना तुम्ही दोन शब्द बोलता. शेवटी प्रतिक्षाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणता, "झालं ते झालं. लेकराकडून चूक झाली. शिकायच्या नादात ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवली, ब्रेकचं लायनर जळलं. पण लहान होती. आपण सगळ्यांनी तिला माफ करावं." पहिल्या वर्षी लोक रडले. चौथ्या वर्षी मान हलवत होते. गेली तीन वर्षं ती त्या दिवशी येत नाही, तर तुम्ही तिच्या मागेही माफ करता.

मी तुमचं ऐकत आले. तुम्ही मिस्त्री. हिंगोलीच्या गॅरेजात सहा वर्षं काम केलेले. बारा वर्षांपूर्वी दादा दोन मार्चला, रविवारी, गाडी तुमच्याकडे घेऊन गेला, नांदेडहून मागवलेलं नवीन सील खिशात घालून गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "प्रेमानंदनं बसवून दिलं. आता तेल गळायचं न्हाई." चार तारखेला त्यानं शाळेच्या मैदानात प्रतिक्षाला गाडीवर बसवलं. सहा तारखेला एका गायीची जखम बांधायला निघाला. उतारावर खाली हळदीच्या पोत्यांची ट्रॉली वळत होती. ट्रॅक्टरवाल्यानं नंतर सांगितलं, "ड्रेसर साहेब ब्रेकवर पार उभे राहिले होते, पण गाडी काही थांबेना." पुलाच्या दगडावर डोकं लागलं. गाडीला नुसता पोचा आला.

मग तुम्ही सांगितलंत की सील नवं होतं, ब्रेक पोरीनं जाळला. मला दुसरं काय कळणार होतं. पोलिसांकडून गाडी आली तीही तुम्हीच शेडमध्ये लावलीत, ताडपत्री बांधलीत. "दादाची आठवण आहे, कोणी हात लावू नका," म्हणालात. मी दर दिवाळीला ताडपत्रीवरची धूळ झाडली आणि मनात म्हटलं, दीर असावा तर असा.

या वेळी जेवताना मी प्रतिक्षाला सहज विचारलं, "त्या दिवशी तू किती वेळ चालवली होती गं?" बारा वर्षांत हे मी विचारलं नव्हतं. भाकरी तशीच हातात धरून ती म्हणाली, "दोन चकरा. पहिल्या गिअरमधी. बाबा सोबत पळून राहिले होते. पडीन म्हणून माझे पाय खालीच लोंबत होते, ब्रेकवर पाय गेलाच न्हाई, आई. थांबायचं आलं की बाबाच हँडल धरून थांबवायचे."

उत्तमसिंग अंगणात होता. त्यानं ऐकलं. म्हणाला, "दोन चकरांत लायनर न्हाई जळत, बेटा. जळलं असंल तर आज बी दिसंल. काळं पडतं, काचेवानी चकाकतं. चाक उघडलं की कळतं."

प्रतिक्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली.

दादा गेला त्या सहा मार्चला मी पण तिला एक वाक्य बोलले होते. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही शेजारीच होतात. ते मी इथे लिहीत नाही.

नवीन सील मी हिंगोलीहून मागवलं आहे. तुम्ही पाठवायची गरज नाही.

वहिनी


गोरेगाव
२ फेब्रुवारी २०२६

प्रेमानंद,

काल चाक उघडलं.

उत्तमसिंगनं आधी सांगितलं की नटाला गंज आहे, घासलेट टाकून एक दिवस ठेवा. ठेवलं. काल सकाळी पान्याला पाईप लावून मी पूर्ण अंगानं दाबलं तेव्हा तो कुरकुरला आणि सुटला. ब्रेकचा ड्रम ओढून काढला.

लायनर जळलेलं नाही.

जळलेलं नाही, प्रेमानंद. कुठंही काळं नाही, कुठंही चकाकत नाही. दोन्ही लायनरांवर तेल बसून बसून गुळाच्या काकवीसारखं घट्ट झालं आहे. मी बोट फिरवलं, बोट चिकटलं. उत्तमसिंगला दिसत नव्हतं म्हणून त्याचं बोट धरून त्यावर फिरवलं. त्यानं बोट नाकाजवळ नेलं आणि म्हणाला, "गिअरचं तेल. हे सील गेल्यावरच येतं."

मग सील काढलं. त्याची रबराची ओठपट्टी वाळक्या बोरासारखी सुरकुतली होती. उत्तमसिंगनं ती नखानं मोडून पाहिली. नवीन रबर बारा वर्षांत कडक होतं, म्हणाला, पण असं सुरकुतत नाही. जुनं सील पेट्रोलात भिजत घातलं की फुगतं, मऊ होतं, हाताला नव्यासारखं लागतं. पुसून बसवलं की चार दिवस तेल धरतं. पेट्रोल उडालं की आधीपेक्षा बारीक होतं. "गॅरेजातली जुनी चलाखी हाय भाभी. आमी बी बघितली. पन ब्रेकच्या सीलला कोनी करत न्हाई. आपल्या मानसाच्या गाडीला तर न्हाईच."

मी म्हटलं, कशावरून हे जुनंच? तुम्ही नवीनच बसवलं असेल आणि तेच खराब निघालं असेल. तुमच्या बाजूनं मी एवढं बोलले, हे लक्षात ठेवा.

मग मी ते सील घासलेटात धुतलं, फडक्यानं पुसलं आणि उन्हात धरलं.

तुमच्या दादाची सवय तुम्हाला माहीत नसेल असं कसं म्हणू. ढोरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक, म्हणजे ड्रेसर, होता तो. बाटली उघडली की तारीख, डबा उघडला की तारीख. मी दुसरीतून शाळा सोडलेली. माझं वाचन त्याच्या बाटल्यांवरून सुरू झालं. पहिला शब्द मी वाचला तो "विष". मग "पोटात घेऊ नये". मग पुड्यांचे कागद, मग वाचनालयातली पुस्तकं. घरात जी वस्तू बसवायची, तिच्यावर तो दाभणानं नाव आणि तारीख कोरायचा. पाण्याच्या मोटारीवर आहे, पाळण्याच्या कडीवर आहे. म्हणायचा, "जो बसवतो त्यानं नाव टाकावं. उद्या बिघडलं तर कोनाला विचारायचं ते कळावं."

सीलच्या पत्र्याच्या कडेवर कोरलेलं आहे: सो. १७-८-०६.

त्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख, म्हणजे त्यानं स्वतः बसवलेलं सील. आठ वर्षं चालवलेलं. ते बदलायला म्हणूनच तो तुमच्याकडे आला होता. तुम्ही तेच काढलंत, पेट्रोलात टाकलंत, पुसलंत आणि त्याच जागी ठोकलंत. कडेवरची अक्षरं तुम्ही पाहिली नाहीत की पाहूनही ठोकलंत, ते मला माहीत नाही. त्यानं आणलेलं नवीन सील दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाला लागलं असेल. घाई असेल. पुढच्या रविवारी बदलू असं मनात असेल. माणसाकडून चूक होते, हे मी समजू शकते. खरंच समजू शकते. तुम्ही सात मार्चला येऊन माझ्यासमोर रडून सांगितलं असतं, तर मी तुम्हाला दोन थोबाडीत मारल्या असत्या आणि मग जेवायला वाढलं असतं.

पण तुम्ही पंधरा वर्षांच्या पोरीकडे बोट दाखवलंत. आणि मग दरवर्षी तिला माफ केलंत.

काल दुपारी तुम्हाला फोन केला. "सीलवर दादाचं नाव आहे," एवढंच म्हणाले. तुम्ही म्हणालात, "आवाज येईना वहिनी," आणि फोन ठेवलात. आवाज येत होता. मागे तुमचा नोकर गिऱ्हाइकाला ग्रीसचा डबा दाखवत होता, तेसुद्धा मला ऐकू येत होतं.

आता ते वाक्य लिहिते. दादाला अंगणात ठेवलं होतं. प्रतिक्षा खांबाला धरून उभी होती. तुम्ही मला बाजूला घेऊन ब्रेकचं सांगितलंत. मी उठून तिच्यासमोर गेले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "तुला गाडी पाहिजे होती ना? घे. बापाच्या बदल्यात गाडी घे."

ती त्यानंतर रडली नाही. त्या दिवशीही नाही, मातीच्या वेळीही नाही. लोक म्हणाले, पोरगी कठीण काळजाची आहे. मीही म्हणाले.

विष तुम्ही कालवलंत, पण तिला पाजलं मी. हे मला तुमच्यावर ढकलता येत नाही.

उत्तराची वाट पाहते.

पंचफुला


गोरेगाव
२३ फेब्रुवारी २०२६

प्रेमानंद,

पत्राचं उत्तर तुम्ही दिलं नाही. स्वतः आलात. पत्रिका आणि पेढ्यांचा पुडा घेऊन, पांढऱ्या गाडीतून. त्या दिवशी जे बोलणं झालं ते कागदावर राहावं म्हणून लिहिते. पुढे कोणी विचारलं तर तुम्हाला आठवणार नाही.

तुम्ही बाजेवर बसलात. पाणी प्यालात. गाडीकडे पाहिलं नाहीत. म्हणालात, "वहिनी, त्या स्कूटरचं राहू द्या. सुमेधला बुलेट घेऊन देतो. जुन्या गाडीत काय ठेवलंय."

मी म्हटलं, "जे ठेवलं होतं ते सापडलं."

मग तुम्ही म्हणालात, "बारा वर्षं झाली. दादा काय परत येनार हाय का? पोरगी शिकली, नोकरीला लागली. तिचं काय वाईट झालं?"

मी म्हटलं, "ती चालत जाते, प्रेमानंद."

तुम्हाला ते कळलं नाही. तुम्ही म्हणालात, "चालनं तब्येतीला चांगलं." आणि नंतर आवाज खाली करून, "मी तर तिला कवाच माफ केलं ना? अजून काय करू?"

उत्तमसिंग उठून फाटकाबाहेर गेला. मला वाटलं थुंकायला गेला. तो गेला तो तुम्ही जाईपर्यंत आत आला नाही.

जाताना तुम्ही विचारलंत, "ते सील कुठं हाय? द्या, बघतो मी." तुमचा हात पुढे झालेला मी पाहिला. ग्रीसचा डाग नसलेला, अंगठी घातलेला हात. मी म्हटलं, "जागेवर आहे." तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं म्हातारी कोड्यात बोलते. कोडं नव्हतं. आता सांगते.

गाडी उद्या सकाळी टेम्पोनं निघेल. सव्वीस ठिकाणचं रबर नवीन आहे. मुठी घट्ट आहेत, किकवरून पाय घसरत नाही, इंजिन हलत नाही. लायनर नवीन टाकले आहेत. रंग उत्तमसिंगच्या भाच्यानं दिला, तसाच फिकट निळा. सुमेध बघेल तेव्हा खूश होईल. त्याला यातलं काही माहीत नाही. काल त्याचा फोन होता, "मोठी आई, हॉर्न वाजतो का गं?" मी वाजवून दाखवला.

फक्त मागच्या चाकात जुनं सील परत बसवलं आहे. जिथे तुम्ही ठोकलं होतं तिथेच, नाव बाहेरच्या बाजूला येईल असं.

घाबरू नका. सुमेधच्या जिवाशी मी खेळणार नाही. मी तुम्ही नाही. मागच्या चाकातून साखळी घातली आहे आणि तिला कुलूप आहे. कुलूप उघडल्याशिवाय गाडी एक पाऊल हलणार नाही. किल्ली माझ्याकडे नाही, प्रतिक्षाकडे आहे.

मी लातूरला गेले होते. तिच्या खोलीवर जमिनीवर बसून तिला सगळं सांगितलं. सीलचं, पेट्रोलाचं, लायनरचं. मग माझ्या वाक्याचं. म्हटलं, माझं चुकलं. मला वाटलं ती रडेल. मला वाटलं गळ्यात पडेल, तेही लिहून टाकते. ती ड्युटीचे कपडे इस्त्री करत होती. इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "आई, तुला बाटलीवरचं वाचता येतं, सीलवरचं वाचता येतं. माझ्या तोंडावरचं काहून न्हाई वाचलं?"

 

निघताना विचारलं, लग्नाला येशील का. म्हणाली, "येते. पण तुझ्यासाठी न्हाई." किल्ली तिनं माझ्या हातातून घेतली आणि दवाखान्याच्या ओळखपत्राच्या नाडीला बांधली. मला एसटीत बसवायला आली. खिडकीशी उभी राहिली, पण गाडी हलायच्या आधीच वळून चालू लागली. माझ्या वाट्याला जे आलं ते मी घेते. तुमचं तुम्ही घ्या.

एक मार्चला सगळे तेच लोक असतील, जे दर सहा मार्चला माझ्या अंगणात बसतात. तुमचे मामा, चुलते, धानोऱ्याचे पाहुणे. सुमेध नवे कपडे घालून गाडीपाशी येईल आणि साखळी बघून म्हणेल, किल्ली कोणाकडे? प्रतिक्षा तिथेच उभी असेल. ती स्वतःहून देणार नाही, आणि सुमेधनं मागितली तरी देणार नाही. तुम्ही मागायची. त्या लोकांसमोर, मोठ्यानं, त्या चाकात तुम्ही काय ठोकलं होतं आणि किल्ली कशासाठी पाहिजे ते सांगून. दरवर्षी तुम्ही भाषण केलंत, एवढं तुम्हाला जमेल.

नाही मागितली तर सुमेध बुलेटवर येईल, गाडी मंडपापुढं साखळीत उभी राहील, आणि जो विचारेल त्याला मी चाक उघडून नाव वाचून दाखवीन. पान्याला लावायचा पाईप मी सोबत आणणार आहे.

मागितलीत, तर ती देईल का, हे मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. देण्या न देण्याचा हक्क बारा वर्षांनी पहिल्यांदा तिच्या हातात आला आहे, त्यात मी बोलणार नाही.

दिली, तर कपडे खराब होतील म्हणून जुना शर्ट जवळ ठेवा. जमिनीवर बसावं लागतं. ड्रम ओढताना गुडघा टेकवा. नवीन सील पुढच्या डिकीत कागदात बांधून ठेवलं आहे, ओठाला ग्रीस लावून. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगून ठेवते. लाकडाचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ठोका, एका बाजूनं बसवलं तर वाकडं बसतं.

कागदातच दादाचं दाभण आहे. सीलची कड कोरी ठेवली आहे. ठोकण्याआधी तिच्यावर तुमचं नाव आणि तारीख कोरा. आमच्या घरात जो बसवतो तो नाव टाकतो.

मग सुमेधला त्या गाडीवर बसवा.

प्रतिक्षाची आई,
पंचफुला